वजन तेवढंच आहे, मग उठताना हात का टेकावा लागतो?

प्रश्न थोडक्यात असा: वय ५८. गेल्या पंधरा वर्षांत वजन जेमतेम ३ किलोंनी वाढलं, ६२ वरून ६५. रोज पाऊण तास चालणं आहे, तेही न चुकता. तरी खाली बसलं की हात टेकल्याशिवाय उठता येत नाही आणि जिना चढताना कठडा धरावासा वाटतो. घरी आणलेला नवा वजनकाटा ‘चरबी जास्त, स्नायू कमी’ असं दाखवतो. वजन ५-७ किलो उतरवलं की हे सुटेल का? आणि ८२ वर्षांच्या आईची चाल गेल्या वर्षभरात फार मंदावली आहे, तिच्यासाठी या वयात करण्यासारखं काही उरलंय का?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गेली २६ वर्षं माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक पन्नाशी ओलांडलेले असतात आणि हीच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत रोज ऐकते. आधी सरळ उत्तर देते. नुसतं वजन उतरवून हे सुटणार नाही. घाईनं उतरवलंत तर उठणं आणखी जड जाऊ शकतं. चालणं मुळीच सोडू नका, पण या तक्रारीला ते पुरेसं नाही. तुमच्या पायांना ताकदीचा व्यायाम हवा आहे. आईंसाठी तर करण्यासारखं बरंच आहे, त्याबद्दल शेवटी लिहिते.

काटा फक्त बेरीज दाखवतो. बेरजेतल्या संख्या आतल्या आत बदलल्या तर त्याला ते कळत नाही. उदाहरणादाखल समजा, त्रेचाळिसाव्या वर्षी तुमच्या ६२ किलोंत २० किलो चरबी होती आणि ४२ किलो बाकीचं सगळं, म्हणजे स्नायू, हाडं, अवयव, पाणी. आज ६५ किलोंत चरबी २६ असेल तर बाकीचं ३९ उरतं. काट्यावर वाढ ३ किलोंची दिसते. प्रत्यक्षात ६ किलो चरबी आत आली आणि ३ किलो ऐवज बाहेर गेला, त्यात मोठा वाटा स्नायूंचा. तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. स्त्रियांमध्ये पाळी थांबण्याच्या सुमारास चरबी मांड्या-नितंबांकडून पोटाकडे सरकते, म्हणून वजन तेवढंच असूनही कपडे कमरेत घट्ट होतात. अशा वेळी कमरेचा घेर काट्यापेक्षा जास्त सांगतो.

बीएमआयवरही, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणाऱ्या आकड्यावरही, मी फार विसंबत नाही. २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांनी स्वतःचीच तुलना छापली होती. दोघांचा बीएमआय अगदी एकसारखा, २२.३. पण एकाच्या शरीरात ९.१ टक्के चरबी आणि दुसऱ्याच्या, म्हणजे डॉ. याज्ञिकांच्या, २१.२ टक्के. उतारवयात आणखी एक घोळ होतो. मणक्यांची उंची थोडी घटते आणि माणूस काही सेंटिमीटरनं बुटका होतो, त्यामुळे वजन न वाढताही बीएमआय वाढलेला दिसतो.

तुमच्या नव्या काट्याबद्दलही सांगते, कारण त्या आकड्यानं तुमची झोप उडालेली दिसते. हा काटा पायांतून अतिशय सौम्य विद्युतप्रवाह सोडतो. पाणी असलेल्या ऊतींतून तो सहज जातो, चरबीतून अडखळत जातो. त्या अडथळ्यावरून, वय-उंची-वजन जोडून, तो एका सूत्रानं अंदाज बांधतो. तुम्ही पाणी कमी प्यायला असाल, नुकत्याच चालून आला असाल, पायाला सूज असेल, तर आकडा बदलतो. सकाळी एक आणि संध्याकाळी भलताच, असंही होतं. महिन्यातून एकदा, सकाळी उठल्यावर, काही खाण्यापूर्वी मोजा आणि चार-सहा महिन्यांचा कल बघा. एखाद्या दिवसाच्या आकड्यावरून काहीच ठरवू नका. डेक्सा स्कॅन, म्हणजे सौम्य क्ष-किरणांनी चरबी, हाडं आणि बाकीचा भाग वेगवेगळा मोजणारी तपासणी, याहून बराच अचूक असतो, पण त्यातही ‘चरबीविरहित’ म्हणून दिसणाऱ्या वजनात पाणी आणि अवयव धरलेले असतात. तो निव्वळ स्नायूंचा आकडा नसतो.

आता स्नायूंकडे येऊ, कारण खरी गोष्ट इथं आहे.

वयाबरोबर होणाऱ्या स्नायूंच्या या झिजेला १९८९ मध्ये आयर्विन रोझेनबर्ग यांनी ‘सार्कोपेनिया’ हे नाव सुचवलं. ग्रीकमध्ये ‘सार्क्स’ म्हणजे मांस आणि ‘पेनिया’ म्हणजे तूट. नाव मांसाच्या तुटीवरून पडलं आणि पुढची बरीच वर्षं सगळ्यांचं लक्ष किती किलो स्नायू उरलेत यावरच राहिलं. नंतर कळलं की माणूस अडतो तो किलोंपेक्षा ताकदीमुळे. अमेरिकेत १९९७ मध्ये ‘हेल्थ एबीसी’ हा मोठा अभ्यास सुरू झाला. सत्तर ते एकोणऐंशी वयाच्या ३,०७५ स्त्री-पुरुषांना अनेक वर्षं मोजत राहिले. त्यात दिसलं की पायांची ताकद स्नायूंच्या वजनापेक्षा जवळजवळ तिप्पट वेगानं घटते. ज्यांचं स्नायूंचं वजन टिकलं किंवा थोडं वाढलं, त्यांचीही ताकद कमी होणं थांबलं नाही.

असं का होतं? तीन कारणं आहेत आणि तिन्हींचा तुमच्या उठण्याशी थेट संबंध आहे. पहिलं, स्नायूंच्या धाग्यांमध्ये चरबी शिरते. मांडीचा घेर तोच राहतो, पण आत कामाचा भाग कमी होतो. याच अभ्यासात ज्यांच्या मांडीच्या स्नायूंत चरबी जास्त मुरली होती, त्यांना पुढच्या अडीच वर्षांत पाव मैल चालणं किंवा दहा पायऱ्या चढणं अवघड होण्याचा धोका अधिक आढळला. दुसरं कारण नसांचं. मणक्यातून स्नायूला हुकूम नेणाऱ्या चेतापेशी वयाबरोबर कमी होतात. त्यांच्या ताब्यातले काही धागे शेजारची नस सांभाळून घेते, बाकीचे गळून जातात. तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. स्नायूंत संथ धागे असतात आणि जलद धागे असतात. संथ धागे तासन्‌तास काम करतात, जलद धागे झटक्यानं जोर लावतात. वयाबरोबर झिजतात ते मुख्यतः जलद धागे. म्हणून कमी होणाऱ्या गोष्टींत झटकन जोर लावण्याची क्षमता सर्वांत आधी आणि सर्वांत वेगानं जाते, त्यामागून ताकद आणि त्यामागून स्नायूंचं वजन.

यावरून तुमच्या कोड्याचा उलगडा होतो. सपाट रस्त्यावर चालणं हे संथ धाग्यांचं काम आहे. एका पावलाला मांडीच्या ताकदीचा लहानसा हिस्सा लागतो, त्यामुळे पाऊण तास चालूनही जलद धाग्यांना हाक पोचत नाही. उठताना मात्र सगळं शरीर दोन पायांवर वर न्यायचं असतं, तेही एका सेकंदात. तिथं जलद धागे लागतात आणि नेमके तेच वापराविना बसलेले असतात. हृदय, रक्तदाब, साखर, मन, झोप या सगळ्यांना तुमच्या चालण्याचा फायदा होतच आहे. तो फायदा कमी लेखू नका. फक्त उठण्याची ताकद त्यातून येईल अशी अपेक्षा ठेवू नका.

‘वयामुळे मेटाबॉलिझम मंदावलं’ हे कारण मला रोज ऐकू येतं. २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात सहा हजारांहून अधिक लोकांच्या ऊर्जाखर्चाची मोजणी प्रसिद्ध झाली. शरीराचा आकार आणि घडण हिशेबात घेतली तर विशी ते साठीपर्यंत हा खर्च जवळपास स्थिर राहतो, कमी होऊ लागतो तो साठीनंतर. म्हणजे चाळिशी-पन्नाशीत शरीराची घडण बदलते त्यामागे हालचाल घटणं, पेशींची आग मंदावण्यापेक्षा मोठं कारण असतं. मला ही दिलासा देणारी गोष्ट वाटते, कारण हालचाल आपल्या हातात आहे.

आता घरच्या घरी मोजायला शिका. भिंतीला टेकवलेली, हात नसलेली, नेहमीच्या उंचीची खुर्ची घ्या. हात छातीवर घडी घालून पाच वेळा पूर्ण उठा आणि बसा, कुणाला तरी वेळ मोजायला सांगा. सार्कोपेनियासाठीच्या आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पायांची कामगिरी कमी समजतात. युरोपीय निकषात ही रेषा १५ सेकंदांवर आहे. दुसरी मोजणी चालीची. जमिनीवर ४ मीटरच्या दोन खुणा करा, त्यांच्या थोडं अलीकडून नेहमीच्या वेगानं चालायला लागा आणि दोन खुणांमधलं अंतर कापायला किती वेळ लागतो ते बघा. चारहून जास्त सेकंद लागले, म्हणजे वेग सेकंदाला १ मीटरपेक्षा कमी भरला, तर लक्ष द्यायला हवं. तिसरी, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून १० सेकंद न धरता उभं राहणं. शेजारी ओटा किंवा टेबल असू द्या. हे आकडे तारखेसह लिहून ठेवा. काट्यावरच्या टक्क्यांपेक्षा हे तुम्हाला जास्त उपयोगी पडतील.

व्यायाम कुठला? माझा पहिला व्यायाम नेहमी तोच असतो, खुर्चीतून उठणं. पण तो बहुतेक जण चुकीचा करतात, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. आधी खुर्चीच्या कडेशी पुढं सरका. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागं घ्या, टाचा जमिनीला लागलेल्या ठेवा. कंबर न वाकवता खुब्यातून पुढं झुका, नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं. आता पावलांनी जमीन खाली ढकलत, श्वास सोडत उठा. गुडघे एकमेकांकडे आत वळू देऊ नका. खाली येताना मनात चार मोजा. धपकन बसणं ही सर्वांत मोठी चूक, कारण वजन सावकाश खाली आणताना स्नायूंना जे काम पडतं ते तिथं वाया जातं. हात न लावता जमत नसेल तर बैठकीवर कडक उशी किंवा जाड घडी ठेवून उंची वाढवा. आठ-दहा वेळा सहज जमू लागलं की ती उंची थोडी कमी करा. नेहमीच्या उंचीवर बारा वेळा आरामात होऊ लागलं की छातीशी दोन किलोंचं वजन धरा, मग तीन, मग चार.

जमिनीवरून उठायचं असेल तर त्याचाच सराव वेगळा करावा लागतो. खुर्ची शेजारी ठेवून आधी एक गुडघा टेकलेल्या स्थितीतून उठायला शिका, दोन्ही बाजूंनी. हात टेकण्याची लाज बाळगू नका, फक्त हातावरचा भार आठवड्यागणिक कमी करत न्या.

याच्या जोडीला पायरीवर चढ-उतार, उभ्यानं टाचा उचलणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं, भिंतीला हात लावून दंड आणि रबरी पट्टा छातीकडे ओढणं. एवढं पुरतं. आठवड्यात दोन ते तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती, प्रत्येक व्यायाम ८ ते १२ वेळा, असे दोन-तीन फेरे. भार किती असावा याची माझी खूण एकच आहे: शेवटच्या दोन वेळा जड जायला हव्यात, पण शरीराची ठेवण बिघडायला नको. बारावी वेळ पहिल्याइतकीच सोपी वाटत असेल तर त्या व्यायामानं ताकद वाढणार नाही. लोक महिनोन्‌महिने तेच अर्ध्या किलोचं डंबेल हलवत राहतात आणि ‘व्यायाम करूनही फरक नाही’ म्हणतात, ते पाहून मला खरंच हळहळ वाटते. चार-पाच आठवडे पाया बसला की उठताना वेग आणा, बसताना सावकाश राहा. जलद धाग्यांना हाक पोचते ती या वेगामुळे.

पहिल्या चार-सहा आठवड्यांत ताकद वाढेल, पण आरशात काही दिसणार नाही. ती वाढ बहुतांशी नसांच्या शिकण्याची असते. स्नायू भरायला त्यानंतरचे दोन-तीन महिने लागतात. दुसऱ्या दिवशी मांड्या ठणकणं ठीक आहे. गुडघ्याचं दुखणं व्यायामानंतर दिवसभरात ओसरलं नाही किंवा सूज आली तर भार कमी करा, व्यायाम बंद करू नका. छातीत दुखणं, चक्कर किंवा धाप लागली तर मात्र थांबून डॉक्टरांना दाखवा. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा हाडांची ठिसूळता आधीच माहीत असेल तर सुरुवात त्यांना विचारूनच करा.

वजन उतरवण्याबद्दल. उतरलेल्या प्रत्येक चार किलोंत साधारण एक किलो चरबीविरहित ऊतींचा असतो. उपास करून, व्यायामाशिवाय ७ किलो उतरवलेत तर पायांच्या मुद्दलातूनच खर्च होतो. काही महिन्यांनी वजन परत आलं, तर ते मुख्यतः चरबीच्या रूपात येतं. वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांनाही हा धोका लागू आहे. २०१७ मध्ये पासष्टीपुढच्या १६० स्थूल व्यक्तींवरचा एक चांगला प्रयोग प्रसिद्ध झाला होता. आहार कमी करताना काहींना चालण्यासारखा व्यायाम दिला, काहींना ताकदीचा, काहींना दोन्ही. सहा महिन्यांत तिन्ही गटांचं वजन सारखंच, सुमारे ९ टक्के उतरलं. पण चरबीविरहित वजनाची घट पहिल्या गटात ५ टक्के, ताकदीच्या गटात २ आणि दोन्ही करणाऱ्यांत ३ टक्के होती. शारीरिक कामगिरी दोन्ही करणाऱ्यांची २१ टक्क्यांनी सुधारली, बाकी दोन्ही गटांची १४ टक्क्यांनी. म्हणून तुमच्याबाबतीत मी आधी तीन महिने ताकद वाढवेन आणि मग, कमरेचा घेर जास्त असेल तर, महिन्याला एक-दीड किलोच्या गतीनं वजनाकडे बघेन. गुडघ्यावरचा भार कमी होण्याचा फायदा मोठाच आहे. १ किलो वजन घटलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा दाब सुमारे ४ किलोंनी कमी होतो.

खाण्यात प्रथिनांकडे लक्ष द्या. वय वाढलं की तेवढ्याच प्रथिनांतून स्नायू कमी बांधला जातो. म्हणून उतारवयात किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम लागतात. तुमच्या ६५ किलोंना ६५ ते ७८ ग्रॅम. ती एकाच जेवणात न घेता प्रत्येक वेळी २५ ग्रॅमच्या आसपास विभागा. बहुतेकांच्या दिवसातल्या पहिल्या खाण्यात ती सर्वांत कमी असतात, सुधारणा तिथून सुरू करा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांनी ठरवायचं.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. सुदृढ ज्येष्ठांना फक्त १० दिवस पलंगावर झोपवून ठेवण्याचा एक प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. तेवढ्यात त्यांच्या पायांतला सरासरी जवळपास १ किलो चरबीविरहित भाग गेला. ताप, फ्रॅक्चर किंवा शस्त्रक्रियेनंतर ‘पूर्ण विश्रांती’च्या नावाखाली आपण माणसाला झोपवून ठेवतो, तेव्हा काय गमावतो ते यावरून दिसतं. डॉक्टरांची मनाई नसेल तर दिवसातून चार-पाच वेळा खुर्चीत बसवा, उभं करा, खोलीभर चालवा.

आता आईंबद्दल. वर्षभरात चाल लक्षात येण्याइतकी मंदावली असेल तर ‘वय झालं’ म्हणून सोडू नका, आधी तपासणी करा. झोपेच्या गोळ्या, उभं राहिल्यावर घसरणारा रक्तदाब, बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, तळव्यांची बधिरता, मोतीबिंदू, खुब्याची किंवा कमरेच्या मणक्याची झीज, पार्किन्सन्स यांपैकी काहीही त्यामागं असू शकतं आणि यांतल्या पुष्कळ गोष्टींवर उपाय आहे. वजन प्रयत्नाशिवाय सहा महिने ते वर्षात ५ टक्क्यांहून जास्त उतरलं असेल तर उशीर करू नका. एकाच बाजूचा अशक्तपणा किंवा अचानक बिघडलेली चाल ही तातडीची बाब आहे, त्याच दिवशी रुग्णालयात न्यायची. पोटरीच्या सर्वांत जाड भागाचा घेरही मोजून ठेवा. स्त्रियांमध्ये तो ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर स्नायू घटल्याची शंका घेतात. पायांवर सूज असेल तर हा आकडा फसवा ठरतो.

वयाची भीती मात्र काढून टाका. १९९० मध्ये मारिया फियातारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातल्या दहा अशक्त व्यक्तींना, सरासरी वय ९०, आठ आठवडे पायांचा जड वजनांचा व्यायाम दिला. ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि मांडीच्या स्नायूंच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ, म्हणजे त्यांची जाडी, ९ टक्क्यांनी. पुढं ‘लाइफ’ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या अभ्यासात, ७० ते ८९ वयाच्या, फारशी हालचाल नसलेल्या १,६३५ लोकांपैकी निम्म्यांना चालणं, ताकद आणि तोल असा एकत्र व्यायाम दिला, बाकीच्यांना आरोग्याची माहिती. सरासरी अडीच वर्षांहून थोड्या जास्त काळात ४०० मीटर चालण्याची क्षमता गमावणारे व्यायामाच्या गटात ३०.१ टक्के होते आणि दुसऱ्या गटात ३५.५ टक्के. फरक डोळे दिपवणारा नाही, पण त्या वयात स्वतःच्या पायांनी बाहेर जाता येणं म्हणजे काय असतं ते मी रोज बघते.

आईंना हात असलेल्या भक्कम खुर्चीत बसवा. पायांत न घसरणारी चप्पल किंवा बूट, खुर्ची भिंतीला टेकवलेली, तुम्ही त्यांच्या शेजारी किंचित मागं उभ्या. पहिल्या आठवड्यात खुर्चीच्या हातांवर जोर देऊन पाच वेळा उठणं, दिवसातून दोनदा. दुसऱ्या आठवड्यात सात वेळा. जमू लागलं की एकच हात टेकायचा, मग फक्त बोटं. मध्ये ओट्याला धरून टाचा उचलणं आणि टाच-बोट जोडून उभं राहणं. त्या कंटाळल्या तर त्यांच्याबरोबर तुम्हीही तुमच्या फेऱ्या करा. दोघी एकत्र करत असलेल्या घरांत व्यायाम जास्त दिवस टिकतो, हा माझा अनुभव आहे. आजच दोघींचे पाच वेळा उठण्याचे सेकंद मोजून लिहून ठेवा, आईंना हात लावावा लागला तर तेही लिहा, आणि सहा आठवड्यांनी त्याच खुर्चीत पुन्हा मोजा. फरक पडला नसेल तर जवळच्या फिजिओथेरपिस्टला ती नोंद दाखवा. भार कमी पडतोय की दुखण्यामुळे अडतंय, हे समोर पाहिल्यावर लगेच कळतं.